पैशाचं कळतं, पण वळत नाही: तुमची कुठली सवय टिकली?

ओंजळ

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. मी गणित शिकवते. चक्रवाढव्याजाचं सूत्र झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. तरीही मागच्या महिन्यात कर्जाच्या एका अर्जात 'कुटुंबाचा दरमहा खर्च' असा रकाना आला आणि पेन अडलं. नवऱ्याला विचारलं. त्याने एक आकडा सांगितला, माझ्या मनात दुसराच होता. दोघांच्या मधला आकडा लिहून आम्ही मोकळे झालो.

पण ते डोक्यातून जाईना. सुट्टीच्या दिवशी दोघांच्या खात्यांचे बारा महिन्यांचे उतारे काढले, बेरीज केली, बाराने भागलं. अर्जात लिहिलेल्या आकड्यापेक्षा खरा खर्च जवळजवळ एक तृतीयांशाने जास्त निघाला.

गंमत पुढेच आहे. मला वाटलं होतं की फरक बाहेरच्या खाण्यात, कपड्यांत, नको त्या खरेदीत सापडेल. तिथे अंदाज बऱ्यापैकी बरोबर होता. चुकला होता तो 'या महिन्यात जरा वेगळं आहे' या सदरात. एका महिन्यात गाडीचे टायर. पुढच्यात दाताचं काम. मग विम्याचा वार्षिक हप्ता, मग फोन पडला, मग कुणाच्या तरी आजारपणात प्रवास. बारापैकी दहा महिने 'वेगळे' होते! उरलेल्या दोन साध्यासरळ महिन्यांवरून मी वर्षाचा हिशेब मनात धरून बसले होते.

म्हणून सध्या एकच गोष्ट केली आहे. वर्षभरातल्या या सगळ्या 'अपवादां'ची यादी केली, बेरजेला बाराने भागलं आणि तेवढी रक्कम पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप वेगळ्या खात्यात जाईल अशी सूचना बँकेला दिली. खात्याला घरात 'अपवाद खातं' म्हणतो.

आता तुम्हाला विचारायचं आहे. 'अंथरूण पाहून पाय पसरा' छाप सल्ले नकोत, ते घरचेच पुष्कळ आहेत. पैशाबाबत तुमची कुठली सवय खरोखर वर्षानुवर्षं टिकली? आणि कुठली नव्याचे नऊ दिवस ठरली? दुसरं उत्तर जास्त आवडेल.


निवांत

+१. वाचनखूण साठवली.


खडूस मास्तर

गणिताच्या बाईंना परीक्षेला बसवायची संधी कोण सोडेल? घ्या तीन प्रश्न.

एक: खात्यात १०० ठेवले, वर्षाला २ टक्के व्याज, पाच वर्षं हात लावला नाही. शेवटी १०२ पेक्षा जास्त असतील, बरोबर १०२, की कमी?

दोन: व्याज वर्षाला १ टक्का, महागाई २ टक्के. वर्षानंतर त्या पैशात आजच्यापेक्षा जास्त वस्तू येतील, तितक्याच, की कमी?

तीन: एकाच कंपनीचा शेअर घेणं हे अनेक कंपन्यांचे शेअर असलेल्या फंडापेक्षा सहसा सुरक्षित असतं. चूक की बरोबर?

हे माझे नव्हेत. अॅनामारिया लुसार्डी आणि ऑलिव्हिया मिचेल या दोन अर्थतज्ज्ञांनी २००४ साली अमेरिकेत पन्नाशीपुढच्या लोकांना ते विचारले. पहिले दोन बरोबर सोडवणारे साधारण निम्मे. तिन्ही बरोबर असणारे जेमतेम एक तृतीयांश. मंडळी कोवळी पोरं नव्हती हे लक्षात घ्या. घरं घेऊन, कर्जं फेडून, निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेली होती. त्यानंतर हेच प्रश्न कितीतरी देशांत विचारून झाले आहेत.


ओंजळ

मास्तर, जास्त, कमी, चूक. तिन्हींत पैकीच्या पैकी, आणि खर्चाचा रकाना कोरा. माझं दुखणं नेमकं तेच आहे. परीक्षेत पास आणि घरात नापास असलेल्यांचं काय करायचं?


उधारराव

माझं सदस्यनाव बघून कळलंच असेल. नव्याचे नऊ दिवस विचारलेत म्हणून धीर करून लिहितो.

पहिली नोकरी, पहिलं क्रेडिट कार्ड. सुरुवातीचे सहा महिने पूर्ण बिल भरलं. मग एका महिन्यात कमी पडले. बिलावर दोन आकडे होते, 'एकूण देय' आणि 'किमान देय'. मी किमान भरलं. दंड नाही, फोन नाही, सगळं शांत. मला वाटलं हीच तर सोय आहे. अशी दोन वर्षं गेली. मी दर महिन्याला वेळेवर पैसे भरत होतो आणि स्वतःला शिस्तीचा समजत होतो. एक दिवस सहज जुनं बिल उघडलं तर दोन वर्षांपूर्वीची थकबाकी आणि आजची यात फारसा फरक नाही. पोटात गोळा आला.

खर्चाची वही, ॲप, पाकिटात रोख ठेवणं, सगळं करून पाहिलं. वही अकरा दिवस टिकली (नऊपेक्षा दोन जास्त!). ॲपने रोज आठवण केली म्हणून ॲपच काढून टाकलं.

अजून पूर्ण फिटलेलं नाही. उपदेश नको, मार्ग असेल तर सांगा.


आकडेमोड्या

उधारराव, उपदेश नाही, फक्त आकडे. तुमचा नेमका दर माहीत नाही म्हणून महिन्याला ३.५ टक्के व्याज आणि किमान देय बिलाच्या ५ टक्के असं धरतो. थकबाकी १,००,०००. कार्डावर नवीन खरेदी शून्य.

पहिल्या महिन्यात व्याज ३,५००, बिल १,०३,५००, किमान देय ५,१७५. म्हणजे मुद्दलातून कमी झाले फक्त १,६७५. पुढच्या महिन्यात थकबाकी थोडी कमी, म्हणून किमान देयही थोडं कमी. खोच इथे आहे. तुम्ही जसजसे फेडता तसतसा तुमचा हप्ताही आटत जातो. असंच चालू ठेवलंत तर थकबाकी निम्मी व्हायला ४१ महिने लागतात. तोवर तुम्ही एकूण सुमारे १,५४,००० भरलेले असतात आणि ५०,००० अजून बाकी असतात.

आता हप्ता आटू देऊ नका. पहिल्या महिन्यात जे ५,१७५ भरले तेच दर महिन्याला भरत राहा, बिल काहीही म्हणो. ३३व्या महिन्यात कर्ज शून्य.

खिशातून सुरुवातीला जाणारी रक्कम दोन्हीकडे तीच आहे. फरक इतकाच की एका ठिकाणी आकडा बँक ठरवते, दुसऱ्या ठिकाणी तुम्ही.


उधारराव

हे तीनदा वाचलं. दोन वर्षांत मला हे कुणीही असं सांगितलं नाही. किमान देयाचा 'किमान' कुणासाठी आहे ते आत्ता कळलं.


जुनी वही

उधारीचे पोते सव्वा हात रिते, असं माझी आजी म्हणायची. ती दुकानातल्या मापाबद्दल बोलत असे. कार्ड तिने पाहिलं नव्हतं.

आणखी एक. बहुतेक कार्डांवर बिल पूर्ण भरलं नाही की नवीन खरेदीला मिळणारे बिनव्याजी दिवसही जातात. खरेदी केली त्या दिवसापासून व्याज चालू. म्हणून थकबाकी असताना कार्ड घरी ठेवा, कपाटात नव्हे, दुसऱ्याच्या कपाटात.


झुळूक

एकाहून जास्त कर्जं असतील तर आधी कुठलं फेडायचं?


आकडेमोड्या

ज्याचा दर सर्वांत जास्त ते. बाकीच्यांचे ठरलेले हप्ते चालू ठेवायचे आणि वरचा प्रत्येक पैसा त्या एकावर टाकायचा. यात वादाला जागा नाही.


जुनी वही

आहे हो जागा. माझ्या भावावर पाच देणी होती. सगळ्यात लहान आधी संपवलं, कारण एक नाव यादीतून खोडल्याशिवाय त्याला हुरूप येईना. व्याज थोडं जास्त गेलं, कबूल. पण पाचही फिटली. तुमच्या पद्धतीने त्याने दोनदा सुरुवात करून दोनदा सोडून दिलं होतं.


आकडेमोड्या

माणसं धरली तर तुमचं बरोबर, व्याज धरलं तर माझं. दरांत मोठी तफावत नसेल तर लहान आधी घ्या, चालेल. एक ४० टक्क्यांचं आणि दुसरं ९ टक्क्यांचं असेल तर मात्र हुरूप फार महाग पडतो.


कवडीचुंबक

इतकं काय त्यात? रोजचे फालतू खर्च बंद करा. रोजचे ५० वाचवले तर वर्षाचे १८,२५०. थेंबे थेंबे तळे साचे. लोकांना तेवढंही जमत नाही आणि मग धागे काढतात.


खडूस मास्तर

दात कोरून पोट भरत नाही, अशीही एक म्हण आपल्याकडेच आहे. घर किती मोठं घेतलं, गाडी कुठली घेतली, कर्ज किती वर्षांचं आणि कुठल्या दराने, या चार-पाच निर्णयांत आयुष्याचा बहुतेक हिशेब ठरून जातो. ते निर्णय आपण एका संध्याकाळी भारावून घेतो आणि मग दहा वर्षं थेंब मोजत बसतो. ओंजळताईंच्या उताऱ्यातही रोजचे खर्च निर्दोषच निघाले, वाचलंत ना?


काठावर

मास्तर आणि कवडीचुंबक, दोघांनाही सांगायचं आहे. इथे कुणी दुसरं खातं उघडा म्हणतंय, कुणी घर-गाडीचे निर्णय म्हणतंय. माझ्याकडे दहावीस तारखेनंतर निर्णय घ्यायला काही उरतच नाही. कोणतं बिल उशिरा भरलं तर कमी त्रास होईल एवढंच ठरवायचं असतं. मला आर्थिक साक्षरता कमी आहे असं कुणी म्हटलं की हसू येतं. प्रत्येक वस्तूचा भाव मला पाठ आहे. तुमच्यातल्या किती जणांना आहे?

तरी टिकलेली सवय विचारलीत म्हणून सांगते. माझा पगार सात तारखेला व्हायचा आणि कर्जाचा हप्ता पाचला जायचा. खात्यात पैसे नसायचे, मग दंड. जवळजवळ दर महिन्याला. हे चार वर्षं चाललं. एका मैत्रिणीने सुचवलं म्हणून कर्ज देणाऱ्यांकडे जाऊन तारीख बदलून मागितली. एका अर्जात काम झालं. दहा तारीख मिळाली. उत्पन्न तेवढंच, खर्च तेवढाच, दंड बंद. चार वर्षांत भरलेला दंड मी मोजलेला नाही. मोजणारही नाही.


ओंजळ

काठावरताई, तुमचा हा प्रतिसाद मूळ धाग्यापेक्षा मोलाचा आहे. मी 'पगाराच्या दुसऱ्या दिवशी' असं किती सहज लिहून गेले.


खडूस मास्तर

माझे शब्द मागे घेतो, निदान अर्धे. २०१३ साली ऊस उत्पादक शेतकऱ्यांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. तोच शेतकरी, त्याच प्रकारच्या चाचण्या, एकदा तोडणीआधी हात आखडलेला असताना आणि एकदा पैसे हाती आल्यावर. ओढाताणीच्या दिवसांत तीच माणसं चाचणीत मागे पडली. पैशाची चिंता डोक्यातली जागा खाते, असा त्यांचा निष्कर्ष. त्यावर पुढे बरीच चर्चा झाली आहे, पण तारीख बदलून घेणं हा उपाय त्या दृष्टीने अचूक आहे. दर महिन्याला आठवावी लागणारी एक गोष्ट कायमची कमी झाली.


पायरी

माझी टिकलेली सवय: पगारवाढ झाली की वाढीचा अर्धा भाग पहिल्या महिन्यापासूनच बाजूला. आधीच्या पगाराला हात लावायचा नाही. नऊ वर्षं झाली.

तेव्हा हे मला स्वतःला सुचलं म्हणून फार कौतुक वाटलं होतं. नंतर कळलं की रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी यांनी १९९८ मध्येच एका कंपनीत हेच करून पाहिलं होतं. कर्मचाऱ्यांना आत्ता बचत वाढवा म्हटलं की ते नाही म्हणायचे. 'पुढची पगारवाढ होईल तेव्हा आपोआप वाढू दे' असं विचारलं तर बहुतेक जण हो म्हणाले. ४० महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. थेलरना २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, मला काही मिळालं नाही.

याचं कारण मला माझ्यापुरतं असं वाटतं: हातात आलेलं सोडवत नाही. न आलेल्यावर पाणी सोडायला काही वाटत नाही.


झुळूक

आमच्या घरातली गोष्ट सांगते. आम्ही दोघं कमावतो आणि दोघंही उधळे नाही. तरी महिनाअखेरीस भांडण ठरलेलं. नंतर लक्षात आलं की ते पैशावरून नव्हतंच. त्याला वाटायचं विम्याचा हप्ता मी भरते, मला वाटायचं तो. एकदा दोघांनीही भरला नाही आणि पॉलिसी बंद पडली.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी अर्धा तास बसतो. फोन दुसऱ्या खोलीत. तीनच प्रश्न: काय गेलं, काय येणार आहे, आणि कशाची धास्ती वाटते आहे. तिसरा प्रश्न त्याचा, मला आधी फालतू वाटला होता. तिसऱ्याच महिन्यात त्या प्रश्नाला उत्तर म्हणून त्याने सांगितलं की मित्राच्या कर्जाला तो जामीन राहिला आहे. दोन वर्षांपूर्वीपासून! पुढचा अर्धा तास काय झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण कळलं तरी.

एका ठरावीक रकमेच्या वरचा कुठलाही खर्च एकमेकांना सांगून करायचा, परवानगी मागायची नाही, फक्त सांगायचं. आणि दोघांना प्रत्येकी थोडी रक्कम अशी की तिचा हिशेब कुणीही विचारायचा नाही.


निवांत

जामीन! बाप रे.


आकडेमोड्या

जामीन राहणं म्हणजे नुसती ओळख देणं नव्हे, हे इथे ठळक सांगायला हवं. मित्राने हप्ता थकवला तर तो तुमच्याकडून वसूल होऊ शकतो. कर्ज मिळेल त्याला, जबाबदारी राहील तुमची. ते सगळं कर्ज आपण स्वतः फेडायला तयार असू तरच सही करावी.


कधी ऊन कधी सावली

पगार, पगाराची तारीख, पगारवाढ... आमच्यासारख्यांनी काय करायचं? मी भाषांतरं करते. एखाद्या महिन्यात तीन महिन्यांचं येतं, मग दोन महिने काहीच नाही.

सात वर्षं चुकल्यावर सापडलेला उपाय: मीच माझी मालक, मीच मला पगार देते. सगळी कमाई एका खात्यात जाते, त्याचं कार्डही मी घेतलेलं नाही. त्यातून महिन्याच्या एक तारखेला ठरावीक रक्कम घरखर्चाच्या खात्यात. रक्कम ठरवली ती मागच्या दोन वर्षांतल्या सगळ्यात वाईट सहा महिन्यांच्या सरासरीवरून. चांगल्या महिन्यात मोह होतो, पण पगार वाढवायचा तो वर्षातून एकदाच. आणि कराचा वाटा पैसे आले त्याच दिवशी तिसरीकडे टाकते. एके वर्षी तो पैसा माझाच समजून खर्च केला होता. त्या वर्षाबद्दल बोलायला नको.


पायरी

अडीअडचणीसाठी गंगाजळी किती ठेवता? सगळीकडे तीन ते सहा महिने वाचतो.


कधी ऊन कधी सावली

नोकरीवाल्यांना तेवढं ठीक असेल. मी नऊ महिन्यांची ठेवते. आणि महिने खर्चाचे मोजायचे, उत्पन्नाचे नव्हे. त्यासाठी खर्च माहीत हवा, म्हणजे आलो पुन्हा ओंजळताईंच्या कोऱ्या रकान्यापाशी.

ओंजळताई, अपवाद खातं आणि गंगाजळी एकत्र करू नका मात्र. टायर झिजणार हे माहीत असतं, फक्त कधी ते माहीत नसतं. नोकरी जाणं वेगळं. दोन्ही एकाच खात्यात असलं की टायर नोकरीचे पैसे खातात.


सोनपावलं

बचत करून कोण श्रीमंत झालंय? पैसा कामाला लावा. माझ्या ओळखीत एक योजना आहे, महिन्याला ८ टक्के खात्रीशीर परतावा. ज्यांना रस असेल त्यांनी व्यक्तिगत संदेश करा.


आकडेमोड्या

बहात्तरचा नियम माहीत आहे का? ७२ ला व्याजदराने भागलं की रक्कम दुप्पट व्हायला लागणारा काळ मिळतो. वर्षाला ८ टक्के तर ९ वर्षं. तुमच्या योजनेत महिन्याला ८, म्हणजे ९ महिन्यांत दुप्पट. वर्षाचे पार दीडशे टक्के होतात. ज्याच्याकडे असा धंदा आहे त्याला आमचे पैसे कशाला हवेत? बँकेकडून कर्ज काढून तो एकटाच का गब्बर होत नाही?

१९२० साली बोस्टनमध्ये चार्ल्स पाँझी ४५ दिवसांत ५० टक्के देत होता. टपालाच्या कुपनांच्या व्यवहारातून नफा मिळतो असं सांगायचा. ४५ दिवसांत ५० टक्के हे वर्षभर फिरवत राहिलं तर पैसे सुमारे २७ पट होतात. हा एवढा गुणाकार लोकांनी केला असता तर पुरे होतं. खरं तर नवीन लोकांच्या पैशातून जुन्यांना दिलं जात होतं. सुरुवातीच्यांना पैसे खरोखरच मिळाले, आणि त्यांनीच बाकीच्यांना आणलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सगळं कोसळलं.


सोनपावलं

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)


जुनी वही

प्रतिसाद काढला तरी उत्तर राहू द्या, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. माझ्या घरातल्या एका शिकल्यासवरल्या माणसाने अशाच ठिकाणी निवृत्तीची अर्धी पुंजी घालवली. पहिले पाच महिने पैसे वेळेवर आले. त्या पाच महिन्यांनीच घात केला. नुकसानापेक्षाही 'मला कळायला हवं होतं' या विचाराने माणूस खचला.


झुळूक

आणि जे बेकायदा नसतं पण तरी गळ्यात मारलं जातं, त्याचं काय? ओळखीच्या माणसाने घरी येऊन विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेलं काहीतरी दिलं. नाही म्हणवेना. चौथ्या वर्षी सोडायला गेले तर भरलेल्यापेक्षा कमी हातात आले.


खडूस मास्तर

दोन प्रश्न पाठ करून ठेवा आणि ओळखीच्या माणसाला तर नक्कीच विचारा. 'मी दोन वर्षांत सोडलं तर हातात किती येतील?' आणि 'यातून तुम्हाला किती मिळतात?' चांगला सल्लागार दुसऱ्या प्रश्नाने रागावत नाही. आणि उत्तर तोंडी नको, लेखी घ्या.


पायरी

अशाच शब्दांच्या खेळात मी सापडणार होतो. कर्ज १,२०,०००, एक वर्ष, '१२ टक्के सरळ दर', महिना ११,२००. शेजारी दुसरीकडे १५ टक्के 'कमी होत जाणाऱ्या शिलकीवर'. मी बाराला सही करायला निघालो होतो. आकडेमोड्या, यावर काय म्हणाल?


आकडेमोड्या

वाचलात. सरळ दरात वर्षभर सगळ्या १,२०,००० वर व्याज लावतात, म्हणजे १४,४००. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल परत करत असता. वर्षभरात सरासरी तुमच्याकडे राहिलेली रक्कम निम्म्याच्या थोडी वर. निम्मी रक्कम वापरून पूर्ण रकमेचं व्याज. नेमकं काढलं तर हा दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास येतो. पंधरावालं बरंच स्वस्त. दर विचारू नका, 'एकूण किती परत करायचे, शुल्क धरून?' हे विचारा आणि दोन्हीकडच्या मुदती सारख्या ठेवून तुलना करा.


कवडीचुंबक

अवांतर: उधाररावांची वही अकरा दिवसांत का बंद पडली यावर कुणीच बोललं नाही. मी २२ वर्षं लिहितोय.


जुनी वही

बोला ना मग! जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ साली घरखर्चाची वही लोकांपुढे आणली, ती पद्धत तिथे अजून चालू आहे. तुमचं गुपित काय?


कवडीचुंबक

गुपित नाही. रोज नाही लिहीत. आठवड्यातून एकदा, चारच सदरं. आधी सव्वीस होती. साबण 'घर' मध्ये घालायचा की 'आरोग्य' मध्ये यावर डोकं खाजवताना मीही पहिल्या वर्षी वही फेकली होती. आणि मागचं चुकलं असेल तर ते जुळवत बसत नाही. रेघ मारतो, 'माहीत नाही' असं लिहितो आणि पुढे जातो. पहिल्या वर्षी 'माहीत नाही' हेच सगळ्यात मोठं सदर होतं.


उधारराव

कवडीचुंबककाका, आधीच्या प्रतिसादाचा राग आला होता, या प्रतिसादाने गेला. चार सदरं कुठली तेवढं सांगा.


कवडीचुंबक

राहणं, खाणं, देणं, बाकी. 'बाकी' फुगायला लागलं की त्या महिन्यापुरतं उघडून बघायचं.


ओंजळ

तीन महिन्यांनी परत आले आहे, धागा वर आणल्याबद्दल माफी.

अपवाद खात्याचा अहवाल: पहिल्या महिन्यात काहीच घडलं नाही आणि आम्हाला श्रीमंत झाल्यासारखं वाटलं. दुसऱ्या महिन्यात धुलाई यंत्र बंद पडलं, त्या खात्यातून दुरुस्त करून घेतलं. घरात पहिल्यांदाच कुणी 'आत्ताच व्हायचं होतं का' म्हणालं नाही. तिसऱ्या महिन्यात मी स्वतःच त्यातून एक सवलतीतली खुर्ची घेतली आणि नवऱ्याला सांगितलं की पाठदुखी हाही अपवादच आहे. त्याने नुसतं बघितलं. पैसे परत भरते आहे, दोन हप्त्यांत.

कधी ऊन कधी सावली यांचं ऐकून गंगाजळी वेगळी केली. यादीतही चूक सापडली, त्यात तीन वर्षांतून एकदा येणारे खर्च धरलेच नव्हते. बाराऐवजी छत्तीसने भागायचे होते ते.

उधारराव, तुमचं काय चाललंय?


उधारराव

महिन्याला ५,५०० ठरवलेत, बिल काहीही म्हणो. एक महिना ४,००० च भरता आले. कार्ड बहिणीच्या कपाटात आहे. मागच्या आठवड्यात तिने फोन करून विचारलं, नवीन कार्ड आलंय, जुन्याची मुदत संपली म्हणे, याचं काय करू? कात्री घे म्हणालो. ती म्हणाली, 'तू ये, तूच काप.' रविवारी जातोय.